हात उचला, अप्पा

अप्पांचा हात टेकल्याशिवाय चालायचा नाही. तळहाताची करंगळीकडची कड कागदावर पक्की बसली की मगच पेन्सिलीचं टोक हलायचं. वळण आलं की अप्पा हात वळवत नसत, कागद वळवत. डाव्या हाताची दोन बोटं कागदाच्या कोपऱ्यावर ठेवायची आणि कागद सावकाश फिरवत न्यायचा, जातं फिरावं तसा. या घासण्यानं त्यांच्या हाताची ती कड कायम काळी असायची, शिशासारखी चमकायची. अव्वा, म्हणजे माझी आई, रोज जेवायला वाढताना म्हणायची, आधी तो हात घासून या. घासला तरी काळेपणा जायचा नाही.

आमचं घर हुपरीचं. गावात घरटी कुणी ना कुणी चांदीच्या कामात. अप्पा चांदीला हात लावत नसत, ते पैंजणांची नक्षी काढत. वेल, पान, कोयरी, मोर. ती नक्षी कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पोलादी ठशावर कोरली जायची आणि त्या ठशाखाली चांदीची पट्टी दाबली की नक्षी उठायची. त्यामुळं गावात कुणाच्या पायात पैंजण वाजलं की अप्पा आधी पायाकडं बघायचे. अव्वा त्यावरून किती वेळा बोलली असेल, म्हातारपणी बायकांच्या पायाकडं काय बघताय म्हणून. अप्पा म्हणायचे, माझा वेल चाललाय तो बघतोय.

नक्षी मनासारखी झाली की त्यांचं शेवटचं एक काम असायचं. ठशाच्या पोलादावर मेणाचा पातळ थर दिलेला असे. त्यावर बटर पेपरवरची नक्षी ठेवायची आणि बोथट लोखंडी टोकानं, अंगातला जोर लावून, प्रत्येक रेघेवरून एकदा फिरायचं. म्हणजे रेघ खाली मेणात उतरते आणि कोरणाऱ्याला दिसते. याला ते ‘रेघ बसवणं’ म्हणायचे. रेघ बसवल्याशिवाय काम पुरं झालं असं त्यांना कधी वाटलंच नाही. ते लोखंडी टोक तीस वर्षं त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात असायचं, पेन असावं तसं. हे टोक ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यानंच झालं. त्यानं झालं म्हणते, पण मीही काही कमी नाही.

बारावीनंतर मी कोल्हापुरात कॉम्प्युटरचा क्लास केला आणि अप्पा कामाला जात त्याच कारखान्यात लागले. आधी पाकिटावरची लेबलं वगैरे करायची. मग दोन हजार सालानंतर मालकांनी ठसे कापायचं कॉम्प्युटरचं मशीन आणलं. त्या मशीनला कागद कळत नाही, त्याला कॉम्प्युटरमधली रेघ लागते. तेव्हा काम असं चालायचं की अप्पा कागदावर नक्षी काढणार, मी ती स्कॅन करणार आणि माऊस धरून एकेक टिंब टाकत तिच्यावरून रेघ ओढणार. एका वेलाला दोन-दोन दिवस लागायचे. तोवर मशीन बसून. आणि एवढं करून अप्पा स्क्रीनकडं बघून म्हणायचे, वेल हाय, पण मेलेला हाय. मला असा राग यायचा! दोन दिवस मान मोडून काम केलेलं माणूस आहे समोर, जरा गोड बोलावं की. पण गोड बोलायचं आमच्या घरात कुणाला जमलं नाही, मलाही नाही.

मालक माणूस वाईट नव्हता. मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा आणि अप्पांना मान द्यायचा. बसून राहिलेलं मशीन मात्र त्याला बघवेना. एका गणपतीनंतर तो पुण्याहून एक टॅबलेट घेऊन आला. जाडजूड, पाटीएवढा, कुणीतरी वापरून विकलेला. आम्ही त्याला पाटीच म्हणायला लागलो. आता बोटानं पुसत बसायचे असतात तसला नव्हे. त्याच्या काचेला नख, पेन, लाकडाची काडी काहीही चालायचं, नुसता दाब लागायचा. मालकांनी तो अप्पांसमोर ठेवला आणि म्हणाले की आता कागद नको आणि स्कॅन नको, तुम्ही इथं काढा, ते थेट मशीनला जाईल. मग मला बाजूला घेऊन त्यांनी उरलेलं सांगितलं. दसऱ्याला बाहेरगावचे व्यापारी येणार होते. त्यांच्यासमोर सहा नव्या नक्ष्या ठेवायच्या होत्या. तोवर अप्पांचा हात त्यावर बसला तर उत्तम. नाही बसला, तर तयार नक्ष्यांची सीडी मिळते, ती आणायची. एका सीडीत शेकड्यांनी वेल असतात.

म्हणजे गोष्ट सरळ होती. दसऱ्यापर्यंत जमलं तर अप्पा, नाही तर सीडी. हे मी अप्पांना सांगितलं नाही. पण ते काय बाळ होते? त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि खिशातलं टोक काढून उगाच पुसून परत ठेवलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. अप्पांनी पाटीवर हात टेकवला आणि प्लास्टिकचं पेन उचललं. पेन अजून वरच होतं, तोवर स्क्रीनवर हाताखालून एक जाडी रेघ आडवी पळाली. अप्पांनी दचकून हात काढला. परत टेकवला, परत रेघ पळाली. काचेला दाब कळत होता, पेन कुठलं आणि हात कुठला हे कळत नव्हतं. मी म्हटलं, हात वर धरून काढा. अप्पा म्हणाले, हात टेकल्याबगर रेघ कशी यील गं?

आली नाहीच. हात अधांतरी धरला की तो थरथरायचा. आधी कधी अप्पांचा हात थरथरलेला मी बघितला नव्हता. थरथरत असेलही, पण कागद त्याला सांभाळून घेत होता. आता कोयरीचं टोक काढायला गेले की कांद्याच्या मुळ्यांसारखं काहीतरी उमटायचं. दोन मिनिटांत खांदा भरून यायचा आणि नकळत हात खाली यायचा. खाली आला की झाला सत्यानाश. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ओरडायची. हात उचला, अप्पा. हात उचला म्हटलं ना. अहो, परत टेकवलात. दिवसातून शंभर वेळा हेच. ठसे कापणारी माणसं मशीन सोडून बघायला लागली. साठीच्या माणसावर त्याची पोरगी पहिलीतल्या पोरावर खेकसावं तशी खेकसतेय, आणि ते माणूस दर वेळी ‘व्हय व्हय’ म्हणून हात उचलतंय. आठवलं की अजून माझं मलाच थोबाडावं वाटतं.

सातव्या-आठव्या दिवशी मला अक्कल सुचली. अक्कल कसली, अवदसा आठवली. मी सुताराकडून एक लाकडी पट्टी करून आणली, दोन्ही टोकांना उंच पाय असलेली. ती पाटीवर पुलासारखी आडवी ठेवली, म्हणजे हात पट्टीवर टेकेल आणि काचेला लागणार नाही. शिवाय काचेवरून पेन घसरतंय अशी अप्पांची तक्रार होती, म्हणून काचेवर बटर पेपर पसरून चारी कडांना चिकटपट्टी लावली आणि हातात त्यांची नेहमीची पेन्सिल दिली. कागदावर रेघ उठली आणि कागदाखाली, दाबानं, स्क्रीनवरही उठली.

जमलं! अहो, खरंच जमलं. अप्पा नुसते बघत राहिले. मग पट्टीवर हात टेकवला, डाव्या हातानं अख्खी पाटी कागदासारखी फिरवली आणि वेल सोडला. चार्जरची वायर पाटीबरोबर गोल गोल गुंडाळली जात होती आणि मी खाली वाकून ती सोडवत होते. दुपारपर्यंत एक अख्खी नक्षी झाली. पानं सगळी एका बाजूला झुकलेली आणि मधलं एकच पान उलटं, वाऱ्यानं पलटावं तसं. अप्पांच्या प्रत्येक वेलात एक पान उलटं असायचंच. मालक येऊन बघून गेले, अप्पांच्या पाठीवर थाप मारली. मी चहा सांगायला बाहेर गेले. आनंदात होते, टपरीवर दोन मिनिटं जास्तच उभी राहिले.

परत आले तर अप्पा पाटीवर ओणवे झालेले. दात ओठावर, अंगातला जोर सगळा उजव्या मुठीत. रेघ बसवत होते.

काम मनासारखं झालं होतं ना, मग तीस वर्षांची सवय हाताला गप्प बसू देईल का? त्यांनी खिशातलं लोखंडी टोक काढलं होतं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या कोयरीपर्यंत सगळ्या वेलावरून दाबून फिरवलं होतं. शेवटचं वळण संपवून त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, झालं बघ, बसली रेघ.

मी कागद सोडवला. वरची काच म्हणजे काच नव्हतीच, प्लास्टिकचा पापुद्रा होता. त्यात अख्खा वेल कोरलेला. मी बोटानं दाबून बघितलं. मधला सगळा भाग मेला होता, आणि कडांना हात लावावा तिथं न उमटता भलतीकडंच उमटत होतं. फाईलही गेली होती, कारण टोकाच्या दाबानं तिच्यावर कायच्या काय रेघा उठून बसल्या होत्या. अप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग काचेकडं. त्यांना समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांनी टोक खिशात ठेवलं नाही, माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, चोरीचा माल परत द्यावा तसं.

दसऱ्याला पाच दिवस होते. मालकांना सांगावं तर सीडी ठरलेली. मी टच बंदच करून टाकला आणि पाटीच्या बाजूच्या खाचेत माझ्या जुन्या माऊसची वायर खोचली. पाटी पाटीच्या जागी, काम माऊसवर. अप्पांना म्हटलं, आता हा धरा, याच्यावर हात खुशाल टेकतो.

त्यांनी धरला. मनापासून धरला, हे मला सांगितलंच पाहिजे. पण हात टेबलावर आणि रेघ पाटीवर, हे त्यांच्या डोक्यात बसेना. ते हाताकडं बघायचे, तिथं रेघ नसायची. रेघेकडं बघितलं की हात भरकटायचा. वळण आलं की ते जुन्या सवयीनं माऊसच गोल फिरवायचे, त्याचं तोंड भिंतीकडं करून, आणि मग बाण नेमका उलटा पळायचा. रेघ संपली की पेन्सिल उचलावी तसा माऊस टेबलावरून चार बोटं वर उचलायचे आणि तसाच हवेत धरून बसायचे. बटण दाबलेलंच असायचं. मी म्हटलं, अप्पा, सोडा. त्यांनी माऊसच सोडला. तो वायरीला लोंबकळत राहिला. त्या दिवशी आम्ही एक पानसुद्धा पुरं केलं नाही. संध्याकाळी हुपरीच्या एस.टी.त अप्पा खिडकीशी बसले आणि उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत राहिले. मला गाडीतच रडू फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून माऊस मी घेतला. अप्पांना म्हटलं, हे नुसतं व्यापाऱ्यांपुरतं. एकदा दसरा होऊ दे, मग मालकांना सांगून काच बदलू आणि मग तुम्ही काढा. तोपर्यंत नाव तुमचं, हात माझा. त्यांच्या गप्प बसण्याला मी होकार धरलं. जिवावर आलेलं असलं की माणूस कशालाही होकार धरतं.

मग चार दिवस आम्ही जे नाटक केलं त्याला तोड नाही. अप्पा पाटीसमोर बसणार, हातात प्लास्टिकचं पेन. मी शेजारी. माझ्या उजव्या हातात माऊस, आणि त्या हातावर अप्पांचा टॉवेल टाकलेला. मालक लांबून येताना दिसले की मी टॉवेलखाली माऊस हलवायची, रेघ पुढं सरकायची आणि अप्पा आपलं पेन त्या रेघेच्या टोकावर धरून तिच्या मागनं न्यायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अप्पाच काढतायत. कधी मी पटकन वळायची आणि अप्पांचं पेन सरळच पुढं जायचं. मग ते घाईघाईनं मागं येऊन रेघ गाठायचे. माझ्या जन्माआधीपासून वेल काढणारा माणूस, आणि तो वेल कुठं वळणार हे माझ्याकडून कळायची वाट बघत बसायचा. मी ते करवून घेतलं. कारण सीडी नको होती. मला अप्पा हवे होते त्या खुर्चीत, एवढंच.

वेळ कमी होता म्हणून मी आणखी एक केलं. वेलाची अर्धी बाजू काढायची, तिची नक्कल करून आरशातल्यासारखी उलटी करायची आणि शेजारी जोडायची. अर्ध्याहूनही कमी वेळात काम. अप्पांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पेनाच्या टोकानं स्क्रीनवर एक पान दाखवून म्हणाले, हे जरा पलटव की. मी म्हटलं, अप्पा, एक पलटवलं की दुसऱ्या बाजूचं पण बदलावं लागतंय, वेळ न्हाय. त्यांनी पेन मागं घेतलं.

व्यापारी आले त्या दिवशी सहाच्या सहा नक्ष्या तयार होत्या. चौघं-पाचजण होते, मालक मधे. अप्पा पाटीसमोर, स्वच्छ सदऱ्यात. मी एकेक नक्षी उघडून दाखवत होते, आता टॉवेल काढून, कारण दाखवायला माऊस चालतो. व्यापारी वाकून वाकून बघत होते. त्यातला एक म्हणाला की दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत, कुठं केसाचा फरक नाही. मालकांची छाती फुगली. त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अप्पा, तीस वर्षांत असं सरळ काम झालं न्हवतं बघा. आता खरा हात बसला.”

मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. सीडी टळली, अप्पा राहिले. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी पेन हळूच खाली ठेवलं, उभे राहिले आणि मालकांकडं तोंड करून म्हणाले, “ते माझं न्हाय, मालक. पोरीचं हाय. माझ्या हातनं पाटी मोडली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोक, काच, माऊस, टॉवेल. मला वाटलं आता मालक उखडणार, व्यापाऱ्यांसमोर अब्रू जाणार. मालकांनी काच तिरकी करून ओरखडे बघितले आणि हसायला लागले. व्यापारीही हसले. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मालक म्हणाले, मग अडतंय कुठं, काम घरातच राहिलं की. अप्पांनी तीस वर्षं केलं, आता पोरीला बसू दे खुर्चीत. सीडी नको नि काय नको. तुम्ही आता आराम करा, अप्पा, मधनंअधनं येऊन बसत जावा. आणि माझ्याकडं वळून विचारलं, काय, सांभाळशील न्हवं?

या एका प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. या वेलात जीव नाही, अर्धाच वेल आहे हा, दुसरा अर्धा आरसा आहे, असं म्हणायला हवं होतं. अप्पांशिवाय मला पान सुचत नाही, असं म्हणायला हवं होतं. पाच-सहा माणसं माझ्याकडं बघत होती. त्यात अप्पाही होते. मी ‘हो’ म्हटलं. ज्यांना त्या खुर्चीत ठेवायला पंधरा दिवस जिवाचं रान केलं, त्यांना मीच उठवलं. आणि खोटं कशाला सांगू, ‘हो’ म्हणताना मला आतून कुठंतरी बरंही वाटलं होतं. तेवढ्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मालक व्यापाऱ्यांना घेऊन जेवायला गेले. कारखान्यात दुपारची सुट्टी झाली, मशीन थांबलं. अप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, पिशवी घेतली आणि परत बसले. म्हणाले, ते बंद कर जरा. मी पाटी बंद केली. स्क्रीन काळी झाली आणि खिडकीतनं येणाऱ्या तिरक्या उन्हात त्या काळ्यावर अप्पांचा वेल उठून दिसला, त्यांनी दाबून बसवलेला. पानं एका बाजूला झुकलेली, मधलं एकच उलटं. इतके दिवस मी त्याला नुसते ओरखडे म्हणत होते.

अप्पा त्या वेलावर वाकले. मग त्यांनी उजवा हात उचलला, काळ्या कडेचा, आणि काचेच्या वर तसाच अधांतरी धरला. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं,

“आता टेकवला तर चालंल न्हवं, पोरी?”